प्रौढ हस्की दत्तक घेताय? पहिले तीन महिने असे काढा

आमचा हस्की कुत्रा भुऱ्या आमच्याकडे आला तेव्हा सहा वर्षांचा होता. पहिले चार दिवस तो बाथरूमच्या दाराशेजारी, भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. भुंकला नाही, काही कुरतडलं नाही, सोफ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणाला, "किती शहाणा आहे हो!" (पाहुण्यांना येऊ दिलं, ही आमची पहिली चूक.) शहाणा कसला, भीतीने थिजला होता बिचारा.

रेस्क्यूचं, म्हणजे बेवारस कुत्र्यांना सोडवून नवं घर मिळवून देण्याचं काम करणारे एक ठोकताळा सांगतात: तीन दिवस बावरण्याचे, तीन आठवडे घराची घडी समजण्याचे, तीन महिने घर आपलं वाटण्याचे. भुऱ्याने यातला एकही आकडा पाळला नाही, पण क्रम तोच होता. म्हणजे पहिल्या आठवड्यात जो कुत्रा दिसतो तो पाहुणा असतो. खरा हस्की साधारण तिसऱ्या आठवड्यात उगवतो. तयारी त्याची करायची.

पायरी १: कुत्रा आणण्याआधी दारं बघा

बिछाना, खेळणी, भांडी हे सगळं नंतर आणलं तरी चालेल. आधी घरातून बाहेर पडायच्या वाटा मोजा. पळणं हस्कीच्या रक्तातच आहे. सायबेरियाच्या ईशान्य टोकाच्या चुकची लोकांनी हलकं ओझं घेऊन लांबवर धावायला हे कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या जोपासले. टोगो नावाचा एक हस्की पिल्लू असताना पाळायला म्हणून दुसऱ्या घरी दिला, तर तो बंद खिडकीची काच फोडून कित्येक किलोमीटर धावत मूळ मालकाकडे, लिओनहार्ड सेपालाकडे परतला. याच टोगोने पुढे १९२५ साली, बाराव्या वर्षी, अलास्कातल्या नोम गावाला घटसर्पाचं औषध टप्प्याटप्प्याने पोचवणाऱ्या, कुत्र्यांनी ओढायच्या बर्फगाड्यांच्या (स्लेज) मोहिमेतला सर्वांत लांब आणि अवघड टप्पा पार केला. तेव्हा "आता वय झालंय, कुठे जाणार" असं समजू नका.

अंगण असेल तर कुंपण निदान सहा फूट हवं. हस्की वरून जातो तसाच खालूनही जातो, म्हणून कुंपणाच्या पायाशी जाळी आतल्या बाजूला वळवून मातीत पुरा. कुंपणाला लागून खुर्ची, पेटी, कुंडी, काहीही ठेवू नका, त्याला शिडी मिळते. फ्लॅट असेल तर मुख्य दाराच्या आत लहान मुलांसाठी लावतात तसं एक फाटक बसवा. दार उघडण्याआधी फाटक बंद, हा नियम घरातल्या सगळ्यांना पाठ हवा. नुसती वर उचलायची कडी असेल तर ती बदला. भुऱ्याने आमची कडी नाकाने उचलायला शिकून घेतली, तीही आम्ही जेवत असताना, आमच्या डोळ्यांदेखत.

पायरी २: आणताना चार गोष्टी विचारून घ्या

आत्ता काय खातो आणि किती वाजता? मांजरांशी, मुलांशी कसा वागतो? लसीकरणाची आणि नसबंदीची कागदपत्रं कुठे आहेत? मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) आहे का? असेल तर तिच्या नोंदीतला फोन नंबर त्याच दिवशी बदलून घ्या. शक्य झालं तर त्याचं जुनं, न धुतलेलं अंथरूण मागून आणा आणि तुम्हीही ते धुऊ नका.

पायरी ३: पहिले तीन दिवस त्याला एकटं सोडा, पण एकटं ठेवू नका

घरात नेण्याआधी बाहेरच थोडं फिरवा, शी-शू होऊ द्या. मग पट्ट्यासकट आत न्या आणि एकाच खोलीत ठेवा. सगळं घर दाखवायची घाई नको. तुम्ही त्याच खोलीत जमिनीवर, त्याच्याकडे पाठ किंवा खांदा करून बसा आणि आपलं काम करा. डोळ्यांत बघू नका, डोक्यावरून हात फिरवू नका. तो येऊन हुंगेल, निघून जाईल, परत येईल. जवळ उभा राहिला तर छातीला किंवा मानेच्या बाजूला दोन-तीन सेकंद खाजवा आणि हात काढून घ्या. पुन्हा हाताशी आला तर त्याला हवंय. तोंड फिरवलं, ओठ चाटले, झोप नसताना जांभई दिली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला, तर पुरे म्हणतोय.

खाणं ठरल्या वेळी समोर ठेवा, वीस मिनिटांनी उचला. पहिल्या दिवशी बहुतेक वेळा खात नाहीत. शिवाय अंगापिंडाच्या मानाने हस्की मुळातच कमी खातो, त्यामुळे अर्धं भांडं उरलं म्हणून हातावर घेऊन भरवत बसू नका. मात्र पाणीही पीत नसेल, उलट्या-जुलाब असतील किंवा दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नसेल तर डॉक्टरकडे न्या. नवं खाणं द्यायचं असेल तर जुन्यात थोडं थोडं मिसळत सात ते दहा दिवसांत बदला.

पायरी ४: पट्टा

हे मी सगळ्यांना दोनदा सांगतो. हस्कीची मान केसांमुळे जाड दिसते आणि डोकं त्या मानाने अरुंद असतं. साधा कॉलर घट्ट वाटतो, पण कुत्रा मागे सरकला की अलगद निघून येतो. अकराव्या दिवशी एका ट्रकने हॉर्न वाजवला, भुऱ्या दोन पावलं मागे गेला आणि माझ्या हातात रिकामा कॉलर राहिला. मी मागे धावलो. साहजिकच तो आणखी जोरात पळाला. त्याच्या लेखी शर्यत सुरू झाली होती. दम लागल्यावर मी रस्त्याच्या कडेला मांडी घालून बसलो आणि खाऊचं पाकीट नुसतं चुरचुर वाजवत राहिलो. दहा मिनिटांनी तो शेजारी येऊन उभा राहिला. हे नशीब होतं, याला पद्धत म्हणू नका.

पद्धत अशी: अंगाला नीट बसणारा हार्नेस (छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा), शिवाय ओढल्यावर मर्यादेपर्यंतच आवळणारा मार्टिंगेल कॉलर, आणि दोन्हींना एकेक पट्टा. एक सुटला तरी दुसरा हातात राहतो. मोकळं धावू द्यायचं असेल तर दहा मीटरची लांब दोरी हार्नेसलाच बांधून, किंवा पक्कं कुंपण असलेल्या जागेत. "माझं ऐकतो तो" या भरवशावर उघड्या मैदानात हस्की सोडू नये, वर्षभरानंतरही नाही. समोरून खार पळाली की त्याच्या कानांना तुमची हाक पोचत नाही.

पायरी ५: तिसऱ्या आठवड्याचा हस्की

आता तो बोलू लागेल. हस्की भुंकतो कमी, हेल काढून गातो आणि वाद घालतो जास्त. उत्तर दिलंत तर संभाषण लांबतं. गंमत वाटते, पण शेजाऱ्यांचा विचार करा. चपला, उशा पळवेल. भांड्याजवळ गेलात तर कदाचित गुरगुरेल. गुरगुरण्यावर ओरडू नका, नाहीतर तो इशारा द्यायचं सोडून थेट चावायला शिकेल. भांड्यात हात घालून "मालक कोण" हे दाखवण्याचा सल्ला देणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. जाता जाता लांबूनच भांड्यात काहीतरी जास्त चविष्ट टाका आणि पुढे निघून जा. पंधरा दिवस हे केलं की तुमची पावलं ऐकून तो शेपटी हलवायला लागतो.

पायरी ६: व्यायाम, ऊन आणि केस

धडधाकट प्रौढ हस्कीला दिवसाला तास-दोन तासांची हालचाल लागते. पण रेस्क्यूमधून आलेला कुत्रा बऱ्याचदा अशक्त असतो. पंधरा-वीस मिनिटांपासून सुरुवात करून आठवड्या-आठवड्याने वाढवा. घरात खाऊ लपवून नाकाने शोधायला लावलं तरी तो चांगला दमतो.

गरम दिवसांत फिरणं पहाटे आणि रात्रीच. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. जोरजोरात धापा, चिकट घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या ही उष्माघाताची लक्षणं. साधं गार पाणी अंगावर ओता, पंख्याखाली घ्या आणि लगेच डॉक्टर गाठा.

उकडतंय म्हणून त्याचे केस भादरू नका. त्याच्या अंगावर दोन थर असतात: वरचे राठ केस उन्हापासून जपतात, खालचा लोकरीसारखा थर वर्षातून साधारण दोनदा ढिगाने गळतो. तो खालचा थर विंचरून काढला की हवा खेळते. पहिल्या दिवशी ब्रश नुसता हुंगू द्या, दुसऱ्या दिवशी पाठीवर दोनदा फिरवा आणि थांबा. मांड्यांच्या मागे आणि शेपटीखाली हात लावू द्यायला भुऱ्याला महिना लागला.

पायरी ७: मांजर आणि लहान मुलं

घरात मांजर, ससा, पक्षी असतील तर मध्ये बंद दार ठेवा. काही हस्की मांजरासोबत आयुष्यभर नांदतात, काहींना ते कधीच जमत नाही. मुलांना एकच नियम: झोपलेल्या आणि खाणाऱ्या कुत्र्याजवळ जायचं नाही.

पायरी ८: एकटं राहणं

हस्कीला सोबत लागते, आणि एकदा घर सुटलेल्याला जरा जास्तच. पहिल्याच आठवड्यात अर्धा मिनिट दाराबाहेर जाऊन परत या. मग दोन मिनिटं, पाच, पंधरा. जाताना निरोपाचा सोहळा नको, आल्यावरही नको. तो रडायला लागायच्या आत परतायचं, म्हणून वेळ त्याच्या धीराप्रमाणे वाढवा, तुमच्या सुट्टीप्रमाणे नव्हे. लाळ गळेपर्यंत घाबरत असेल किंवा दार ओरबाडून पंजे रक्ताळत असतील तर तो हट्ट नसून भीती आहे. तिथे प्राण्यांच्या डॉक्टरची मदत घ्या. भुऱ्याला चार तासांपर्यंत यायला अडीच महिने लागले. अजूनही मी किल्ली उचलली की झोपेतसुद्धा त्याचा एक कान माझ्याकडे वळतो.