नव्या टँकमधले मासे मरायला लागले तर आधी पाणी बघा

गेल्या पावसाळ्यात बेळगावच्या वडगावहून भाच्याचा फोन आला. "मामा, काल दोन मेले. उरलेले सगळे वर येऊन तोंड वासूलालेत. कुठलं औषध घालू?" टँक आणून जेमतेम आठवडा झाला होता. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. असा टँक काठोकाठ भरला तर 56 लिटर पाणी मावतं, वाळू-दगड वजा जाता 45च्या आसपास. त्यात बारा मासे आणि त्यातले चार गोल्डफिश. मी विचारलं, "पाणी कुठलं भरलंस?" त्याला वाटलं मी विषय बदलतोय.

पण नव्या टँकमध्ये पहिल्या महिन्यात मासे मरतात ते बहुतेक वेळा आजाराने नाही, स्वतःच्याच घाणीने. म्हणून औषधाच्या बाटलीकडे हात जाण्याआधी पुढची कामं याच क्रमाने करा.

आत्ता लगेच

खाणं बंद करा. मोठा, धडधाकट मासा दोन-तीन दिवस उपाशी सहज राहतो. एअर पंप पूर्ण जोरात चालू ठेवा. मेलेला मासा, कुजलेलं पान, तळाला पडलेलं खाणं बाहेर काढा. मग टँकमधलं एक तृतीयांश पाणी काढून तेवढंच ताजं, क्लोरीन नसलेलं पाणी हळूहळू घाला. आतल्या आणि बाहेरच्या पाण्याचं तापमान हाताला सारखं लागलं पाहिजे. हीटर असेल तर आधी स्विच बंद करून पंधरा मिनिटं थांबा. गरम काच उघडी पडून त्यावर गार पाणी गेलं की ती तडकते.

सगळं पाणी मात्र कधीही बदलू नका. माझ्या पहिल्या टँकचं पाणी चौथ्या दिवशी दुधासारखं गढूळ झालं. मी टँक रिकामा केला, वाळू धुतली, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून स्वच्छ केला. दोन दिवसांत दहापैकी आठ मासे गेले. ते दुधाळ पाणी जिवाणू वाढल्याचं लक्षण होतं, काही दिवसांत आपोआप निवळलं असतं. मी धुतला तो नेमका टँकचा जीव होता.

पाण्यात काय चाललंय

माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. तो विषारी असतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि ते मासे बऱ्यापैकी सोसतात. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूवर वस्ती करतात. ती वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत अधिकच. तोवर मासे कमी ठेवणं, खाणं मोजकं घालणं आणि थोडं थोडं पाणी बदलत राहणं हाच उपाय. स्पंज धुवायचाच झाला तर टँकमधून काढलेल्या पाण्यात दोनदा हलकेच दाबा, बस. चालू टँक असलेल्या मित्राकडून वापरलेला स्पंज मिळाला तर तो ओला असतानाच आणून आपल्या फिल्टरमध्ये घाला. कित्येक दिवस वाचतात. त्याचे मासे निरोगी आहेत एवढं मात्र बघून घ्या.

अमोनिया, नायट्राइट आणि पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा) मोजणारं थेंबांचं टेस्ट किट घ्या. माझ्या मते ते माशांच्या आधी घ्यायला हवं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. यातलं एक जरी लिटरला 0.5 मिलिग्रॅमवर गेलं तर त्याच दिवशी निम्मं पाणी बदला. नायट्राइट चढलं असेल तर लिटरला 1 ग्रॅम साधं मीठ विरघळवून घाला; मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून रक्तात शिरू देत नाही. मीठ उडून जात नाही, त्यामुळे पुढच्या वेळी जेवढं पाणी काढाल तेवढ्याच पाण्यापुरतं परत घाला.

आपल्या भागातलं पाणी

बेळगाव शहराच्या नळाला राकसकोप आणि हिडकल जलाशयांचं पाणी येतं. पिंपात दोन-तीन दिवस उघडं साठवलेलं असेल तर क्लोरीन बरंचसं उडालेलं असतं. नळाला पाणी आल्या आल्या भरायचं असेल तर दुकानात मिळणारे अँटिक्लोरीनचे थेंब आधी घाला. विहिरीचं पाणी वापरत असाल तर पावसाळ्यात तिच्यात ब्लीचिंग पावडर कधी टाकली ते विचारून घ्या.

खानापूरकडच्या आणि शहराच्या पश्चिमेच्या जांभ्या मातीतल्या विहिरींचं पाणी हलकं असतं. साबणाला फेस भरपूर येतो. अशा पाण्यात फिल्टरमधले जिवाणू काम करता करता पीएच खाली ओढतात आणि तो 6च्या जवळ गेला की त्यांचंच काम थंडावतं. भाच्याच्या टँकमधलं पाणीही असंच हलकं होतं. त्याने घरामागच्या विहिरीचं पाणी भरलं होतं. यावर गोव्याच्या किनाऱ्यावरून आणलेले शिंपले स्वच्छ धुऊन, फोडून, मूठभर फिल्टरमध्ये ठेवले की पुरतं. खाण्याचा सोडा टाकून पीएच एकदम चढवू नका. कमी पीएचला अमोनिया बऱ्याच अंशी निरुपद्रवी रूपात असतो. पीएच 7 वरून 8 वर गेला की त्यातला विषारी भाग सुमारे दहापट होतो.

अथणी-चिक्कोडीकडे काळ्या मातीतलं बोअरचं पाणी जड असतं. डाळ लवकर शिजत नाही, भांड्यांवर पांढरे डाग पडतात. तिथे गप्पी आणि मोली छान रमतात, पण अशा पाण्याचा पीएच चढा असल्याने तिथे थोडा अमोनियाही जास्त जाळतो, म्हणून सुरुवातीला मासे आणखी कमी ठेवा.

थंडी, वीज आणि पांढरे ठिपके

डिसेंबर-जानेवारीत बेळगावात रात्री पारा 12-14 अंशांपर्यंत उतरतो. गोल्डफिशना त्याचं काही वाटत नाही, पण गप्पी, मोली, फायटर यांना 25-26 अंश लागतात. 45 लिटरला 50 वॉटचा हीटर पुरतो. पावसाळ्यात वीज गेली तर बॅटरीवर चालणारा एअर पंप लावा, नाहीतर दर थोड्या वेळाने तांब्याने पाणी उचलून वरून परत ओता.

अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके आणि दगडाला अंग घासणं म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. तापमान दोन दिवसांत हळूहळू 29-30 अंशांवर न्या (गोल्डफिशना एवढी उष्णता देऊ नका), हवा वाढवा, लिटरला 2 ग्रॅम मीठ घाला. तळाशी फिरणारे मिशीवाले मासे असतील तर निम्म्यावर थांबा. परजीवी कातडीखाली असताना औषध त्याला लागत नाही, पाण्यात सुटा फिरताना लागतं. म्हणून ठिपके दिसेनासे झाले तरी उपचार आणखी आठवडाभर चालू ठेवा. मिथिलीन ब्लू घालायचं असेल तर वेगळ्या बादलीत, कारण ते फिल्टरमधले जिवाणू मारतं.

भाच्याने चार गोल्डफिश मोठ्या टँकवाल्या मित्राला दिले. उरलेल्यांना एक दिवसाआड चिमूटभर खाणं आणि रोज एक कळशी पाणी बदलणं चालू ठेवलं. पाचव्या आठवड्यात अमोनिया आणि नायट्राइट सलग आठ दिवस शून्य आल्यावरच दोन नवे गप्पी आणले. तुम्हीही एका वेळी दोनच आणा, शक्य असेल तर दोन आठवडे वेगळ्या टबात ठेवा. पिशवी अर्धा तास टँकमध्ये तरंगत ठेवा, तिच्यात टँकचं पाणी थोडं थोडं घाला, मग मासा जाळीने उचलून सोडा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये न ओतता झाडांना घाला.