गुरुत्वीय भिंगातून हायड्रोजन पाहताना या चुका टाळा

नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने ८.८ अब्ज वर्षांपूर्वी निघालेला अणुरूप हायड्रोजनचा संकेत टिपल्याचे जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाले. अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय यांच्या या कामात वाटेतल्या एका दीर्घिकेने आपल्या गुरुत्वाने लहरी वाकवून भिंगाचे काम केले आणि संकेत सुमारे तीसपट वाढला. हे यश खरोखर मोठे आहे. म्हणूनच त्याचा अर्थ लावताना होणाऱ्या चुका खटकतात.

अणुरूप हायड्रोजनची मूळची २१ सेंटिमीटरची रेडिओ लहर येथे ४८ सेंटिमीटरची झाली, ती भिंगामुळे नव्हे. तिची मूळ वारंवारता १४२० मेगाहर्ट्झ; तिला २.२९ ने, म्हणजे तेव्हापासून विश्व जितक्या पट पसरले त्या आकड्याने, भागले की ६२० मेगाहर्ट्झ येतात. हा बदल विश्वाच्या प्रसरणाचा असून भिंग वारंवारतेला हात लावत नाही. त्याचप्रमाणे ८.८ अब्ज वर्षे हा संकेताच्या प्रवासाचा काळ आहे, आजचे अंतर नव्हे. विश्व पसरत राहिल्याने संकेत पाठवणारी ती दीर्घिका आज सुमारे १३ अब्ज प्रकाशवर्षे दूर आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक विशालनाच्या, म्हणजे भिंगाने संकेत किती पट वाढवला त्या आकड्याची असते. भिंग पृष्ठीय तेजस्विता, म्हणजे प्रतिमेच्या एकक क्षेत्रफळामागचे तेज, वाढवत नाही, आकाशातील प्रतिमेचे क्षेत्रफळ वाढवते, आणि ही वाढ स्रोताच्या प्रत्येक भागासाठी सारखी नसते. तारे दीर्घिकेच्या मध्याकडे दाटलेले असतात, तर हायड्रोजनची तबकडी बहुधा त्यांच्या बरीच बाहेरपर्यंत पसरलेली असते. म्हणून दृश्य प्रकाशाच्या छायाचित्रावरून काढलेले विशालन वायूला जसेच्या तसे लावता येत नाही. वायूचे वस्तुमान मोजलेल्या प्रवाहाला (पृथ्वीवर पोचलेल्या संकेताच्या तीव्रतेला) विशालनाने भागून मिळत असल्यामुळे तिसाऐवजी साठ धरले, तर वस्तुमान थेट निम्मे होते. शिवाय तबकडीचा आकार वस्तुमानावर आणि विशालन त्या आकारावर अवलंबून असल्याने हे गणित एका फेरीत सुटत नाही, आकडे स्थिरावेपर्यंत पुन्हा पुन्हा करावे लागते. या दीर्घिकेत वायूचे वस्तुमान ताऱ्यांच्या जवळपास दुप्पट आहे, या निष्कर्षामागे अशी दोन वेगळी विशालने आहेत. ती दोन्ही तपासल्याशिवाय हे गुणोत्तर पुढे वापरू नये.

वर्णपटात रेषेसारखे काही दिसले की आधी मानवनिर्मित व्यत्ययाची शंका घ्यावी. हायड्रोजनची रेषा दोन्ही ध्रुवीकरणांत (लहरीच्या कंपनाच्या दोन परस्परलंब दिशांत) सारखीच दिसायला हवी. निरीक्षणे काही महिन्यांच्या अंतराने घेतली असतील तर आणखी एक कसोटी मिळते: पृथ्वीच्या कक्षीय गतीमुळे ६२० मेगाहर्ट्झजवळची आकाशातली रेषा सहा महिन्यांत सुमारे १२० किलोहर्ट्झपर्यंत सरकू शकते, जमिनीवरच्या प्रक्षेपकाची रेषा मात्र जागा सोडत नाही.

हा संकेत 'पहिल्या ताऱ्यांच्या काळातला' म्हणणेही चूकच, कारण तो निघाला तेव्हा विश्व ४.९ अब्ज वर्षांचे होते. पहिल्या ताऱ्यांच्या काळातील हायड्रोजनची लहर याहून खूप अधिक ताणली गेल्याने तो सुमारे १०० मेगाहर्ट्झच्या खाली शोधावा लागतो. एजेस (EDGES) या रेडिओ प्रयोगाच्या चमूने २०१८ मध्ये ७८ मेगाहर्ट्झजवळ सांगितलेला शोषणपट्टा, म्हणजे हायड्रोजनने लहरी शोषल्याने साऱ्या आकाशाच्या सरासरी संकेतात पडलेली घट, त्या काळाचा मानला गेला होता, पण बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेच्या सारस-३ या रेडिओ उपकरणाच्या निरीक्षणांतून २०२२ मध्ये त्याला दुजोरा मिळाला नाही. अशा साऱ्या आकाशाच्या सरासरी संकेताला विशालनाचा गुणक लावू नये. पृष्ठीय तेजस्विता टिकून राहत असल्याने भिंगामुळे ती सरासरी बदलत नाही. भिंगाच्या खुणा असतात त्या ठिकठिकाणच्या चढउतारांच्या परस्परसंबंधांत, आणि त्या शोधण्यापूर्वी आपल्याच आकाशगंगेचे हजारो पटींनी प्रखर रेडिओ उत्सर्जन वजा करावे लागते.