आरएमएम शांत कसं ठेवायचं

सपोर्ट टीमची जबाबदारी माझ्याकडे आली त्या दिवशी आधीच्या सहकाऱ्याने आरएमएमचं, म्हणजे ऑफिसची सगळी मशीन दुरून सांभाळायच्या टूलचं, लॉगिन हातात दिलं आणि म्हणाला, "अलर्टच्या मेलकडे फार लक्ष देऊ नकोस, ते येतच असतात." मेलबॉक्समध्ये दोन हजार तीनशेच्या वर न वाचलेले अलर्ट होते. बहुतेक एकाच मशीनवरच्या प्रिंट स्पूलरचे, म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणाऱ्या सर्व्हिसचे. तीन आठवड्यांनी फाइल सर्व्हरची एक डिस्क गेली. मागे जाऊन पाहिलं तर ती डिस्क सोळा दिवस रोज एक मेल पाठवत होती. त्या सोळाही दिवसांत कन्सोल, म्हणजे आरएमएमचा मुख्य स्क्रीन, माझ्याच ताब्यात होता. डिस्क जोडीत होती, तोच डेटा दुसऱ्या डिस्कवरही होता, म्हणून डेटा वाचला, आणि माझी नोकरीही.

तेव्हापासून आरएमएम बसवताना माझा पहिला प्रश्न "काय काय दिसतं?" असा नसतो. "काय काय बंद करता येतं?" हा असतो.

ज्यांनी अजून हे वापरलेलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. आरएमएम म्हणजे रिमोट मॉनिटरिंग अँड मॅनेजमेंट. प्रत्येक मशीनवर एक छोटा एजंट बसतो. तो ठरावीक वेळाने बाहेरच्या दिशेने, साधारणपणे ४४३ पोर्टवरून, सर्व्हरला विचारतो की माझ्यासाठी काही काम आहे का, आणि जाता जाता मशीनची तब्येत सांगतो. बोलणं एजंटच सुरू करतो, म्हणून ऑफिसच्या फायरवॉलमध्ये आत येणारं दार उघडावं लागत नाही. कोणी उघडायला सांगत असेल तर आधी का ते विचारा.

एजंट टाकण्याआधी

सगळीकडे एकदम एजंट ढकलायची घाई करू नका. आधी मशीनची यादी तीन ठिकाणांहून काढा: अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (ऑफिसच्या युजर आणि मशीनची नोंद), डीएचसीपीचे लीज (नेटवर्कने कोणत्या मशीनला कोणता पत्ता दिला ती नोंद) आणि खरेदीचं रजिस्टर. तिन्ही याद्या कधीच जुळत नाहीत. जिथे जुळत नाहीत तिथेच काम असतं. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा डीएचसीपीमध्ये अकरा मशीन अशी निघाली की ती कोणाची हे कोणालाच सांगता येईना. त्यातलं एक जिन्याखाली कपाटात चालू होतं आणि हजेरीचं सॉफ्टवेअर त्याच्यावर चालत होतं.

मग ग्रुप पाडा. डिपार्टमेंटप्रमाणे पाडायचा मोह होतो, पण पॉलिसी, म्हणजे अलर्ट आणि पॅचचे नियम, डिपार्टमेंटला लागत नाही, मशीनच्या कामाला लागते. माझे चार ग्रुप असतात: सर्व्हर, जागेवरून न हलणारे डेस्कटॉप, फिरते लॅपटॉप, आणि "हात लावू नका". या चौथ्या ग्रुपात मशीनरीला जोडलेले जुने पीसी, ज्याच्यावर एकच विचित्र सॉफ्टवेअर चालतं असे पीसी, सगळं येतं. यांच्यावर फक्त नजर ठेवायची, पॅच (सॉफ्टवेअरमधली दुरुस्ती) आपोआप द्यायचा नाही.

एक खड्डा आधीच सांगून ठेवते. एजंट बसवलेल्या मशीनची इमेज, म्हणजे पूर्ण डिस्कची नक्कल, काढून ती वीस मशीनवर टाकली, तर बऱ्याच टूलमध्ये वीसही मशीन एकाच ओळखीने बोलू लागतात. कन्सोलमध्ये एकच मशीन दिसतं आणि त्याचं नाव दर पाच मिनिटांनी बदलतं. इमेजमध्ये एजंट ठेवू नका, पहिल्या लॉगिननंतर टाका.

अलर्ट

माझा नियम एवढाच आहे: अलर्ट आला की कोणीतरी उठून काहीतरी केलं पाहिजे. ते "काहीतरी" एका वाक्यात लिहिता येत नसेल तर तो अलर्ट बंद.

टूलसोबत येणाऱ्या तयार पॉलिसीत सीपीयू ९० टक्के झाला की अलर्ट असतो. लॅपटॉपवर तो मी सरळ काढून टाकते. कोणी मोठी एक्सेल शीट उघडली की सीपीयू चढणारच, त्यात मी काय करणार? सर्व्हरवर ठेवते, पण सलग अर्धा तास चढलेला राहिला तरच.

डिस्कच्या जागेचं बघा. "१० टक्क्यांपेक्षा कमी" असा नियम सगळीकडे दिसतो. २ टीबीच्या डिस्कवर १० टक्के म्हणजे २०० जीबी, तिथे घाबरायचं कारण नाही. १२८ जीबीच्या एसएसडीवर तेच १० टक्के म्हणजे जेमतेम १३ जीबी, आणि विंडोजचा मोठा अपडेट तिथे रखडतो. म्हणून टक्के आणि जीबी दोन्ही अटी एकत्र लावा: १० टक्क्यांखाली आणि १५ जीबीखाली. एवढ्या एका बदलाने आमचे डिस्कचे अलर्ट निम्म्याहून कमी झाले.

सर्व्हिस बंद पडली तर आधी एजंटलाच ती चालू करू द्या. तासाभरात दुसऱ्यांदा पडली तरच तिकीट, म्हणजे टीमसाठी कामाची नोंद. तो प्रिंट स्पूलर आठवतो ना? त्याच्यासाठी हे पुरेसं होतं. पुढे कळलं की अर्धवट पाठवलेली एक फाइल रांगेत अडकून होती आणि दर वेळी तीच स्पूलरला पाडत होती.

विंडोजच्या इव्हेंट लॉगमधले मोजकेच क्रमांक मी पकडते. ४१ आणि ६००८ म्हणजे मशीन नीट बंद न होता गेलं. एकदा झालं तर वीज गेली असेल, आठवड्यात तीनदा झालं तर पॉवर सप्लाय बघा. डिस्कचा ७ म्हणजे खराब ब्लॉक, आणि १५३ म्हणजे डिस्कला तेच काम पुन्हा करून बघावं लागलं. हे दोन आले की मी वाट पाहत नाही, बॅकअप तपासते आणि डिस्क मागवते. हार्ड डिस्क असेल तर स्मार्टमधले, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदीतले, रीअलोकेटेड (बदलून टाकलेले) आणि पेंडिंग (संशयित) सेक्टर हे दोन आकडे बघा. आकडा किती आहे यापेक्षा तो वाढतोय का, हे महत्त्वाचं.

आणि बॅकअप. इथे जवळजवळ सगळे चुकतात, मीही चुकले. "बॅकअप फेल झाला तर कळव" असा अलर्ट लावतात. पण बॅकअपची सर्व्हिसच बंद असेल, किंवा मशीनच बंद असेल, तर फेल व्हायलाही कोणी जागेवर नसतं. अलर्ट येत नाही आणि आपण समजतो सगळं ठीक आहे. अट उलटी लावा: "गेल्या २६ तासांत यशस्वी बॅकअप दिसला नाही तर कळव." चोवीस नाही, सव्वीस. रोजचा जॉब थोडा पुढेमागे होतोच, आणि त्यासाठी रोज सकाळी खोटा अलर्ट नको.

ऑफलाइनचं तसंच. सर्व्हर पाच मिनिटं दिसला नाही तर फोन वाजला पाहिजे. लॅपटॉप ऑफलाइन गेला म्हणजे कोणीतरी झाकण मिटून घरी गेलं, त्यात बातमी नाही. मात्र जो लॅपटॉप तीस दिवस दिसला नाही त्याची यादी मी दर महिन्याला काढते. ती यादी कन्सोलमधल्या कुठल्याही लाल ठिपक्यापेक्षा कामाची आहे.

दर शुक्रवारी अर्धा तास टीम बसते आणि त्या आठवड्यात सर्वांत जास्त वाजलेले पाच अलर्ट बघते. प्रत्येकाचा तिथेच निकाल: दुरुस्त करा, अट बदला किंवा काढून टाका. आज आम्हाला दिवसाला सात-आठ अलर्ट येतात, आणि सगळे वाचले जातात.

पॅच

मायक्रोसॉफ्टचे पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. मी ते तीन टप्प्यांत सोडते. पहिल्या टप्प्यात आमच्या टीमची मशीन आणि प्रत्येक विभागातलं एकेक, त्यातही मुद्दाम अकाउंट्समधलं ते मशीन ज्याला जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे. काही मोडणार असेल तर तिथे आधी मोडतं. तीन दिवसांनी दुसरा टप्पा, आठवड्याने सर्व्हर. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकचा एक सदोष अपडेट गेला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर अडकली. तो विंडोजचा पॅच नव्हता, सुरक्षा सॉफ्टवेअरची एक कंटेंट फाइल होती, आणि ती एकदम सगळीकडे गेली होती. म्हणून टप्पे फक्त विंडोजला लावून भागत नाही. अँटीव्हायरस, ब्राउझर, ड्रायव्हर, जिथे जिथे टप्पे पाडायची सोय आहे तिथे पाडा.

कन्सोलमध्ये "पॅच लागला" असं हिरवं दिसलं तरी रीबूट बाकी असेल तर काम अर्धवटच आहे. रिपोर्टमध्ये "रीबूट बाकी" हा रकाना वेगळा काढा. आणि युजरशी वाद घालण्याआधी एक गोष्ट तपासा. एका मॅडमच्या लॅपटॉपचा अपटाइम, म्हणजे सलग चालू असल्याचा काळ, ४३ दिवस दिसत होता.

"मॅडम, मशीन रीस्टार्ट करता ना?"

"अहो, रोज संध्याकाळी शटडाउन करूनच घरी जाते मी!"

मॅडम खरंच बोलत होत्या. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन केल्यावर कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तिथूनच पुढे चालू. अपटाइम शून्यावर येतो तो रीस्टार्ट केल्यावर. मी फास्ट स्टार्टअप पॉलिसीतूनच बंद केला आणि मॅडमची माफी मागितली.

रात्री दोनला पॅच लावायचं वेळापत्रक डेस्कटॉपला चालतं. लॅपटॉप तेव्हा बॅगेत असतो. त्यांच्यासाठी "वेळ चुकली तर पुढच्या वेळी ऑनलाइन आल्यावर कर" हा पर्याय चालू ठेवा, आणि रीबूट दोनदा पुढे ढकलायची मुभा द्या. तिसऱ्यांदा नाही.

स्क्रिप्ट

एजंट स्क्रिप्ट (आपोआप चालणाऱ्या कमांडची फाइल) चालवतो ती विंडोजच्या स्वतःच्या सिस्टिम अकाउंटने, लॉगिन केलेल्या माणसाच्या अकाउंटने नाही. नवीन मुलं इथे हमखास अडकतात. सिस्टिमला युजरने जोडलेले नेटवर्कवरचे ड्राइव्ह दिसत नाहीत, युजरच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगचा साठा) केलेला बदल भलत्याच ठिकाणी जातो. एजंट ३२ बिटचा असेल तर त्याला रजिस्ट्रीची वेगळीच बाजू दिसते, आणि डोळ्यांसमोर बसलेलं सॉफ्टवेअर "सापडलं नाही" असं उत्तर येतं.

माझी स्वतःची चूक: एक जुनं सॉफ्टवेअर काढायची स्क्रिप्ट माझ्या मशीनवर हाताने चालवून पाहिली, चालली. मग १४० मशीनवर मारली. अनइन्स्टॉलर मध्येच "खात्री आहे का?" असं विचारत होता. मी हाताने चालवलं तेव्हा नकळत एंटर दाबलं होतं. सिस्टिम अकाउंटमध्ये तो प्रश्न कोणालाच दिसत नाही. १४० मशीन उत्तराची वाट बघत बसली, आणि विंडोज इन्स्टॉलर अडकल्यामुळे त्या दिवशीचं दुसरं कुठलंही इन्स्टॉलेशन पुढे जाईना.

आता स्क्रिप्ट आधी एजंटमधूनच एका मशीनवर, मग पाचवर, मग ग्रुपवर. प्रत्येक स्क्रिप्टला टाइमआउट, म्हणजे ठरावीक वेळेत संपली नाही तर ती थांबवायची. आणि शेवटी काय झालं ते सांगणारा एक्झिट कोड, म्हणजे एक आकडा. इन्स्टॉलरने ३०१० दिला तर ते अपयश नाही, रीबूट हवाय एवढंच तो सांगतोय.

रिमोट घेताना

निम्म्या वेळा रिमोट घ्यायची गरजच नसते. सर्व्हिस, टास्क, कमांड लाइन हे सगळं मागून करता येतं आणि युजरचं काम थांबत नाही. स्क्रीनवर जायचंच असेल तर परवानगीचा प्रॉम्प्ट चालू ठेवा, आणि तरीही आधी फोन करा: "सर, दोन मिनिटांत स्क्रीनवर येते, काही खासगी उघडं असेल तर बंद करून घ्या." एकदा आमच्या टीममधला मुलगा न सांगता स्क्रीनवर गेला, समोर पगाराची शीट उघडी. तो प्रसंग निस्तरायला आठवडा लागला. सेशनची नोंद तिकिटाला जोडली जाईल अशी सोय करून ठेवा.

कन्सोलची किल्ली

ज्या खिडकीतून मी १४० मशीनवर चुकून गोंधळ घातला, त्याच खिडकीतून कोणी मुद्दाम घालू शकतो. २ जुलै २०२१ ला कासेया व्हीएसए या आरएमएमच्या सर्व्हरमधल्या त्रुटीतून रेव्हिल या हॅकर टोळीने रॅन्समवेअर, म्हणजे फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, पसरवलं. थेट फटका बसलेले ग्राहक साठच्या आत होते, पण ते स्वतः दुसऱ्यांची आयटी सांभाळणारे, त्यामुळे खाली दीड हजारापर्यंत व्यवसाय सापडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये स्क्रीनकनेक्ट या रिमोट टूलमध्ये लॉगिनच टाळता येईल अशी त्रुटी निघाली, तिला तीव्रतेचे दहापैकी दहा गुण होते.

म्हणून कन्सोलला एमएफए (पासवर्डसोबत दुसरी ओळखही), अपवाद नाही, माझ्यासाठीही नाही. नवीन टेक्निशियनला एका वेळी एकाच मशीनवर स्क्रिप्ट चालवता येते, ग्रुपवर चालवायला दुसऱ्याची मंजुरी लागते. बॅकअपचं लॉगिन आरएमएमपासून पूर्ण वेगळं. कोणी नोकरी सोडली की लॉगिनसोबत त्याने बनवलेल्या एपीआय की (दुसऱ्या प्रोग्रामला कन्सोलमध्ये येऊ देणाऱ्या किल्ल्या) पण रद्द, त्या हमखास राहून जातात. सर्व्हर आपल्याकडेच ठेवला असेल तर त्याचा स्वतःचा पॅच सगळ्यांच्या आधी.

दुसरी बाजू: हल्लेखोर हल्ली स्वतःचं हत्यार आणत नाहीत, कायदेशीर रिमोट टूलच बसवतात. अमेरिकेच्या सिसा या सायबरसुरक्षा संस्थेने जानेवारी २०२३ मध्ये तसा इशारा दिला होता. टूलवर कंपनीची डिजिटल सही असते, त्यामुळे अँटीव्हायरस गप्प. आपल्या आरएमएमच्या सॉफ्टवेअर यादीत महिन्यातून एकदा बाकीची रिमोट टूल शोधा. मला पहिल्या फेरीत तीन सापडली. तिन्ही जुन्या व्हेंडरची, काम संपून वर्षं झालेली, पण अजून चालू.

मशीन भंगारात देतानाही एजंट विसरू नका. डिस्क पुसायची म्हणून पाठवलेला एक लॅपटॉप चार महिन्यांनी रात्री साडेनऊला आमच्या कन्सोलमध्ये ऑनलाइन आला, लॉगिनला भलत्याच माणसाचं नाव. डिस्क कोणी पुसलीच नव्हती. कनेक्टचं बटण समोर होतं, ते मी दाबलं नाही. त्या मशीनला फक्त अनइन्स्टॉलची कमांड पाठवली आणि ठिपका करडा होईपर्यंत बघत बसले. दुसऱ्या दिवशी डिस्पोजलच्या फॉर्ममध्ये दोन रकाने वाढवले: एजंट काढला का, आणि डिस्क पुसताना कोणी पाहिलं.