नाताळात आईच आजारी पडली तर... आधी काय करून ठेवायचं

डिसेंबर आला की आमच्याकडे आधी पोरं शिंकतात, मग नवरा, आणि सगळ्यांचं निस्तरून झालं की बरोब्बर बावीस-तेवीस तारखेला मी. गेली तीन वर्षं हेच चाललंय. निफाडचा पारा पाच-सहावर आल्याच्या बातम्या येतात, आमच्या नाशिकला शरणपूर रोडला सकाळी लोक कानटोप्या घालून दूध आणायला निघतात आणि आपण रात्री साडेदहाला ओट्यापाशी उभं राहून करंज्या तळतोय, मग दुसरं काय होणार. मागच्या वर्षी तर मी पार आडवी झाले आणि घरात जो गोंधळ झाला त्यावरून हे लिहितेय. ज्यांच्याकडे आजी, काकू, नणंद हाताशी आहे त्यांनी नाही वाचलं तरी चालेल.

सगळ्यात पहिलं, आणि बाकी काहीच जमलं नाही तरी एवढं कराच: पोरांच्या भेटी कुठे लपवल्यात ते घरातल्या दुसऱ्या एका मोठ्या माणसाला सांगून ठेवा. मला वाटायचं लपवण्यात मी एक्स्पर्ट. पोराची रिमोटची गाडी आणि पोरीची भातुकली माळ्यावर जुन्या मिक्सरच्या खोक्यात, आणि तिची रंगपेटी गव्हाच्या कोठीत, अगदी खाली, कारण आमची पोरगी माळासुद्धा सोडत नाही. हे सगळं फक्त माझ्या डोक्यात. चोवीसला रात्री नवरा दोघांना घेऊन उपासनेला गेला, मी घरी १०३ तापात. खोकल्याच्या औषधाने अशी गुंगी आली की कधी झोपले कळलंच नाही. दीडला तो आला, पोरांना झोपवलं आणि मला हलवून विचारायला लागला, अगं भेटी कुठेत? मी म्हणे डोळे न उघडता सांगितलं, "गव्हात." त्याला वाटलं ताप डोक्यात गेला. भेटी राहिल्या बाजूला, याने मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवायला सुरुवात केली. मी परत म्हटलं, "गव्हात आहे, मिक्सरमध्ये आहे." त्यावर त्याने रात्री दोनला नगरला सासूबाईंना फोन लावला की ही बरळतेय.

सकाळी झाडाखाली पेपरात गुंडाळलेल्या दोन वस्तू होत्या. पोराला नवऱ्याचा जुना टॉर्च आणि पोरीला कोणाच्या तरी लग्नात आलेला स्टीलचा डबा, त्यात चार बिस्किटं. मिक्सरचं खोकं मी सत्तावीसला उठले तेव्हा काढून दिलं. रंगपेटीचं मात्र मी साफ विसरले, ती एप्रिलमध्ये नवे गहू भरताना निघाली, तोपर्यंत पोरगी खडूंवरून वॉटर कलरवर गेली होती. म्हणून सांगून ठेवा. तोंडी नको, मोबाईलवर मेसेज करून ठेवा, म्हणजे रात्री दोनला उघडून वाचता येतो.

आता औषधं. पोरांची घरात असतात, तीन-तीन सिरप असतात, आपली एक गोळी नसते. पॅरासिटामॉलचं पाकीट वीस तारखेच्या आत आणा. थर्मामीटरचे सेल बघा. गोळी घेतली की वेळ कागदावर लिहा, तापात आठवत नाही घेतली का नाही. दोन डोसांत चार ते सहा तास जाऊ द्यायचे आणि मोठ्या माणसाला दिवसभरात सगळं मिळून ४००० मिलीग्रॅमच्या वर जायचं नाही. आणि इथेच लोक फसतात, सर्दीची जी तयार गोळी मिळते तिच्यातही बहुतेक वेळा पॅरासिटामॉल असतंच, म्हणजे तापाची वेगळी आणि सर्दीची वेगळी अशा दोन्ही घेतल्या की डोस डबल. मागचं बारीक छापलेलं वाचा, चष्मा लावून वाचा. उरलेलं ॲन्टिबायोटिक शोधून खाऊ नका, व्हायरल तापावर ते काही करत नाही. ओआरएसची मोठी पुडी असेल तर एक लिटर पाण्यात अख्खी, ग्लासात थोडी-थोडी नाही. दवाखाना पंचवीसला बंद असणार, त्यामुळे तेवीसलाच दाखवून या, "बघू उद्या" करू नका. धाप लागली, छातीत दुखलं, तीन दिवसांत ताप हटला नाही, किंवा पोरगं पाणी पीत नाही, शू करत नाही, तर नाताळ-बिताळ ठेवा बाजूला आणि थेट हॉस्पिटल. फ्लूची लस घ्यायची तर डिसेंबरच्या सुरुवातीला, तिचा असर यायला दोनेक आठवडे जातात. मी यंदा घेतली. मागच्या वर्षी अठरा तारखेला सुचलं होतं.

फराळ कमी करा. हे लिहायला सोपं आहे मला माहितीये, लोक ताट बघतात, शेजारच्या काकूंना आपल्या करंज्या आवडतात, दिवाळीत त्यांचं ताट आलेलं असतं ते रिकामं कसं परत करायचं वगैरे. पण रवा, मैदा, तूप, साखर वजन करून बेकरीत नेऊन दिलं की नानकटाई भाजून डब्यात भरून मिळते, ते पंधरा तारखेच्या आत करा कारण नंतर रांग लागते. शंकरपाळी आणि चिवडा टिकतात, ते आधी करा. करंज्या विकत. हो, विकत, आणि कोणी विचारलं तर सांगायचं विकतच्या आहेत. केक एकच. मी मागच्या वर्षी तीन केकचं सामान आणलं होतं, त्यातलं मनुके-टुटीफ्रुटी अजून डब्यात आहे. आणि स्वतःसाठी मुगाची डाळ-तांदूळ एकत्र मोजून एका डब्यात भरून ठेवा, म्हणजे "खिचडी लाव" म्हटलं की दोन वाट्या का तीन, डाळ कुठली, असे प्रश्न आतल्या खोलीत येणार नाहीत. डबा कुठल्या फळीवर आहे ते सांगून ठेवा. नाताळच्या ताऱ्याचा बल्ब कुठंय, गव्हाणीतला बाळ येशू कुठल्या पिशवीत, सिलेंडर लावायचा नंबर, सगळं. मुख्य म्हणजे भेटी.

तो ताराही आधीच लावून घ्या. आजारी माणूस स्टुलावर चढला की चक्कर येते, अनुभव आहे.

कॅरल पार्टीचं, म्हणजे घरोघरी नाताळची गाणी म्हणत येणाऱ्यांचं बघा. आमच्याकडे तेवीसला रात्री साडेदहाला येतात, चौदा-पंधरा जण, ढोलकी-गिटारसकट, आणि येणाऱ्याला चहा नाही दिला तर कसं. मागच्या वर्षी मी पांघरुणात आणि बाहेर नवरा सगळ्यांना शरणपूरचा इतिहास सांगतोय. त्याला दुसरा विषय नाही. मिशनऱ्यांनी वस्ती कशी वसवली, गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन पोरं इथे कशी शिकली, १८७३ मध्ये आफ्रिका पालथी घालणारा तो मिशनरी लिव्हिंग्स्टन तिथेच वारला तेव्हा त्याचा मृतदेह किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट कसा होता... खरंय सगळं, पण माझं डोकं ठणकतंय आणि चहा चुलीवर आटतोय. यंदा मी ग्रुपच्या लीडरला आधीच फोन केलाय, खाली गेटपाशी उभं राहून दोन गाणी म्हणा, मी खिडकीतून ऐकते, खाऊची पिशवी पोरगा खाली आणून देईल. तो म्हणाला बरंय ताई, तुमचा तिसरा मजला चढायचा आम्हालाही कंटाळाच येतो. म्हणजे इतकी वर्षं उगाच.

चोवीसला चर्चला जायचं का? ताप असेल तर नाही. थंडीत, गर्दीत, सगळ्यांशी हात मिळवत रोग वाटत फिरू नका, पुढच्या बाकावर म्हातारी माणसं असतात. पोरांचे कपडे मात्र आदल्या दिवशी इस्त्री करून, मोजे-बुटासकट, एका पिशवीत. मागच्या वर्षी आमचा मेंढपाळ नाटकात एक पांढरा आणि एक निळा मोजा घालून उभा होता. कोणी काही बोललं नाही, फोटोत दिसतं.

आणि जाण्याआधी भेटींचा मेसेज परत एकदा पाठवा.

पंचवीसची सकाळ. स्वयंपाक करायचा नाही. मागच्या वर्षी नवरा दोघांना मिसळ खायला घेऊन गेला, नाताळच्या सकाळी मिसळ, मला ऐकूनच कसंतरी झालं होतं, पोरांनी रस्सा बाजूला ठेवून पापड आणि दही खाल्लं आणि आल्यावर पोरगा टॉर्च घेऊन माझ्या पांघरुणात शिरला. भिंतीवर हाताचा उंट करून दाखवला, मग तीन उंट, म्हणे बाळ येशूला बघायला मागी लोक, ते पूर्वेकडचे ज्ञानी, येतायत. दुपारभर तेच. मी मध्येच झोपत होते, उठले की उंट तिथेच. यंदा दोघं विचारतायत मिसळ कधी. गाडीचं कोणी नाव काढत नाही, तिचे सेल गेलेत.

पाहुण्यांना सव्वीसनंतर बोलवा. नाताळाचा काळ सहा जानेवारीपर्यंत असतोच, केक, भेटीगाठी सगळं ढकलता येतं. मागी लोकसुद्धा उशिराच पोचले होते.

एकतीसची वॉच नाईट, म्हणजे चर्चमधली वर्षअखेरची रात्रीची उपासना, जमली तर जा. भांडी साठली तर साठू देत. झाड पोंगलपर्यंत उभं राहिलं तरी कोणी पकडून नेत नाही.

माझाही घसा आज सकाळपासून खवखवतोय. यंदा भेटी कपाटात स्वेटरांच्या मागे आहेत, नवऱ्याला सांगितलंय, मेसेजही केलाय, दोन निळ्या टिकाही आल्यात. आत्ता सहज विचारलं तर म्हणतो, कोणतं कपाट?