इटालियन वाइन निवडताना या चुका टाळा

इटालियन बाटलीवर ‘मोंतेपुल्चानो’ दिसलं म्हणून लगेच उचलू नका. ‘मोंतेपुल्चानो दाब्रुत्सो’मध्ये ते द्राक्षाच्या वाणाचं नाव आहे. ही आब्रुत्सो प्रांतातली गडद रंगाची वाइन. ‘विनो नोबिले दि मोंतेपुल्चानो’मध्ये मात्र ते टस्कनीतलं गाव आहे आणि तिथला मुख्य वाण सांजोवेझे. एकीचा दुसरीशी काही संबंध नाही. एक मागवली आणि भलतीच घरी आली, असं होतं ते यामुळेच.

म्हणून आधी बघायचं, नाव गावाचं की वाणाचं? बारोलो आणि बार्बारेस्को ही पिएमोंतेतली गावं, दोन्हीकडे वाण एकच, नेब्बिओलो. त्याच प्रांतातला बार्बेरा मात्र वाण आहे. कियांती हा टस्कनीतला डोंगराळ मुलूख, तिथेही राज्य सांजोवेझेचंच. आपल्या सोलापूर जिल्ह्यात अकलूजलाही सांजोवेझे लावलाय. ती वाइन आधी चाखलीत, तर कियांती ओळखीची वाटेल.

‘क्लासिको’ म्हणजे वरचा दर्जा, हा दुसरा गैरसमज. क्लासिको म्हणजे त्या भागाचा मूळ, जुना पट्टा. कियांतीच्या या पट्ट्याच्या सीमा 1716 मध्ये ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याने ठरवून दिल्या. आज फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्या मधल्या या पट्ट्यातल्या बाटलीवर काळ्या कोंबड्याचं चिन्ह असतं आणि आत किमान 80% सांजोवेझे. कोंबडा नसेल, तर ती नुसती कियांती. ‘रिझेर्वा’ लिहिलं असेल, तर वाइन जास्त काळ मुरवलेली आहे, एवढंच समजा.

डीओसीजीचा, म्हणजे इटलीतल्या सगळ्यात वरच्या वाइन-वर्गाचा, शिक्का बघून डोळे मिटून पैसे मोजू नका. द्राक्षं कुठली, कोणत्या वाणाची, वाइन किती मुरवली, याचे नियम पाळले गेले, ही हमी तो देतो. पण ती तुम्हाला आवडेलच, ही हमी कोण देणार? टस्कनीची सासिकाया ही वाइन फ्रान्समधल्या बोर्दोच्या काबर्ने वाणांपासून बनते. नियमात बसत नव्हती म्हणून ती कित्येक वर्षं साधी ‘टेबल वाइन’ म्हणून विकली गेली, आणि तरीही जगाने ती डोक्यावर घेतली.

सगळ्यात महागात पडते ती रंगावरून काढलेली अटकळ. बारोलो पेल्यात ओता आणि पेला तिरका धरा. रंग फिकट, कडेला विटकरी झाक. वाटतं, हलकी असेल. पहिल्याच घोटाला हिरड्या आवळतात, इतकी ती तुरट असते. किमान 38 महिने मुरवूनच ती बाजारात येते, तरी कोवळ्या बारोलोचा तुरटपणा जात नाही. त्यात समोर झणझणीत तांबडा रस्सा असेल, तर तिखट आणखी चढतं आणि वाइनची चव मरते. बाटली उघडलीच असेल, तर वाइन रुंद जगमध्ये ओतून दोन तास ठेवा आणि सोबत कमी तिखटाचं सुकं मटण किंवा जुनं चीज घ्या. रश्शाबरोबर बार्बेराच बरी, तिच्यात तुरटपणा कमी आणि आंबटपणा भरपूर. त्याहून सोपी मोस्कातो दास्ती, गोडसर, किंचित फसफसणारी, अल्कोहोल जेमतेम 5 टक्क्यांच्या आसपास.

रेड वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यायची म्हणतात, पण ती खोली युरोपातली. आपल्याकडे एप्रिलमध्ये तीच वाइन कोमट लागते आणि नुसती अल्कोहोलची झळ जाणवते. आधी फ्रिजमध्ये ठेवा, 16 ते 18 अंश पुरे. आणि प्रोसेक्को ही फसफसणारी वाइन जपून ठेवू नका. ती ताजीच प्यायची असते, वर्षानुवर्षं कपाटात ठेवून ती सुधारत नाही.