बॅलेसाठी अंबाडा: घट्ट, सपाट आणि न हलणारा

बॅलेमध्ये गिरकी घेताना शरीर वळत राहते, पण नजर एका बिंदूवर शक्य तितका वेळ खिळलेली असते आणि शेवटच्या क्षणी डोके झटक्यात फिरून पुन्हा त्याच बिंदूवर येते. या झटक्याने सुटी बट डोळ्यांवर आपटते आणि सैल अंबाडा हेलकावतो. म्हणून केस बांधणे हा मी सरावाचाच भाग मानते.

नुकतेच धुतलेले केस हातातून निसटतात, त्यामुळे ते आदल्या दिवशी धुतलेले बरे. केस किंचित ओलसर करून, गुंता काढून, थोडे जेल लावून मागे विंचरावेत. हनुवटीपासून कानाच्या टोकाकडे जाणारी तिरकी रेषा तशीच मागे वाढवली की ती डोक्याच्या मध्यावर जिथे पोहोचते, तिथे पोनीटेल बांधावी. बांधताना डोके थोडे मागे झुकवावे, म्हणजे मानेवरचे केस फुगून राहत नाहीत.

आता पोनीटेलला पीळ देत ती रबराभोवती गुंडाळावी. वेढे एकावर एक न चढवता शेजारी शेजारी बसवले, तर अंबाडा चपटा होतो आणि बाजूने पाहताना मानेची रेषा मोकळी दिसते. केस फार दाट असतील तर पोनीटेलचे दोन भाग करून ते परस्परविरुद्ध दिशांनी गुंडाळावेत. विरळ असतील तर डोनट, म्हणजे केस ज्याभोवती गुंडाळतात ते मऊ गोल कडे, वापरावा.

खरे कसब आकडे लावण्यात आहे. दोन टोके मोकळी असलेला आकडा आधी डोक्याशी काटकोनात उभा धरून अंबाड्याच्या कडेचे थोडे केस त्यात पकडावेत, मग तो आडवा वळवून खालचे घट्ट विंचरलेले केसही घेत मध्याकडे सरकवावा. असा एक आकडा नुसत्या खुपसलेल्या चार आकड्यांचे काम करतो. तो टाळूला टोचला तर लगेच काढून पुन्हा लावावा, कारण तासाभरात तेच टोचणे असह्य होते. केसांच्या रंगाची जाळी शक्यतो आकड्यांच्या आधी चढवावी, म्हणजे आकडे तिलाही धरून ठेवतात. कपाळावरच्या बारीक केसांना स्प्रे पुरतो.

प्रत्येक भूमिकेला उंच अंबाडा शोभत नाही. 1841 मध्ये पॅरिसला प्रथम सादर झालेल्या ‘जिझेल’सारख्या रोमँटिक बॅलेत मधोमध भांग पाडून, केस कानांवरून मागे नेऊन मानेजवळ अंबाडा बांधण्याची पद्धत आहे. त्याच बॅलेतील वेडाच्या प्रसंगात जिझेलचे केस मोकळे सुटतात, त्यामुळे त्या अंकासाठी आकडे मोजकेच आणि पटकन काढता येतील असे लावावे लागतात.

नृत्य संपल्यावर आधी सगळे आकडे काढावेत, रबर न ओढता हळूच सोडवावे आणि जेल पाण्याने भिजवून मगच कंगवा घालावा. रोज एकाच जागी ताण पडला की कपाळाजवळचे केस विरळ होऊ लागतात. सुटीच्या दिवशी ते मोकळेच ठेवावेत.