श्रावणात साठलेली अंडी धुऊ नका

श्रावण लागला की गोव्यात पेडणे, डिचोली, सत्तरीत अंड्यांचा उठाव पडतो. कोंबड्या-बदके घालतच राहतात, घरात ट्रेवर ट्रे चढतात, आणि चतुर्थीनंतर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात न्यायला काढली की निम्मीअधिक वास मारतात. असे नुकसान पाहिले तिथे बहुतेक वेळा अंडी धुतलेली निघाली.

खुराड्यात चिखल होतो, अंडी माखतात, म्हणून ती नळाखाली धरली जातात. कवचाला हजारो बारीक छिद्रे असतात. ती झाकणारा नैसर्गिक थर धुण्याने जातो. त्यात पाणी अंड्यापेक्षा थंड असले, तर आतला भाग आकसतो आणि घाण पाणी जंतूंसकट आत ओढले जाते. तेव्हा डाग कोरड्या फडक्याने पुसा. फारच माखलेले अंडे साठवू नका.

फ्रीजमधले अंडे बाहेरच्या दमट हवेत आले की लगेच त्यावर पाणी जमते. न धुताही ते ओलेच झाले! फ्रीजमध्ये ठेवलीत तर विकेपर्यंत आत-बाहेर करू नका. जिथे वीज सारखी जाते, तिथे मला वारा खेळणारी, कोरडी, थंड खोली जास्त भरवशाची वाटते. मात्र माल आठवड्याच्या आत विका.

उबवणीची अंडी 15 ते 18 अंश तापमानात, 75 टक्के आर्द्रतेत, 7 दिवसांपर्यंतच ठेवावीत.

बाकीची कामे:
- दिवसातून दोनदा अंडी गोळा करणे
- ओला भुसा, पेंढा बदलणे
- निमुळते टोक खाली ठेवणे
- पेन्सिलीने तारीख घालणे
- तडकलेली वेगळी काढणे

याच दिवसांत दुकानदार अंडी धुण्याचे औषध आणि कॅल्शियमचे टॉनिक गळ्यात मारतात. कवच पातळ येत असेल तर तिसऱ्यांच्या शिंपल्या उकळून, वाळवून, कुटून वेगळ्या भांड्यात ठेवा. कोंबडी हवे तेवढे टिपते. अंड्यांवरचे जंतू मारायच्या धुरीची पुस्तकी मात्रा 100 घनफुटांना 40 मिली फॉर्मेलिन आणि 20 ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट अशी आहे, पण ती हॅचरीच्या, म्हणजे अंडी उबवण्याच्या केंद्राच्या, बंद खोलीसाठी. तो वायू विषारी असतो. घरात हा प्रयोग मुळीच करू नका.

अंडे पाण्यात तरंगते का, हे रांधायच्या वेळीच पाहा. तरंगले तर टाका; बुडाले तर लगेच वापरा, ओले अंडे पुन्हा ट्रेत नको.